नावाड्याविना नाव

निकोला टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान नावाच्या खेड्यात झाला. हे खेडे आज क्रोएशिया देशात आहे. त्यांचे वडील धर्मगुरू होते. आई शिकलेली नव्हती. पण घरकामाची लहानसहान अवजारे ती स्वतः तयार करी. आईची ही कल्पकता मुलातही उतरली. १८८४ साली टेस्ला अमेरिकेत गेले. तेथे विजेच्या मोटारीच्या शोधामुळे त्यांचे नाव झाले.

१८९८ साली न्यूयॉर्क शहरात विजेच्या यंत्रांचे प्रदर्शन भरले. तेथे टेस्लांनी पाण्याच्या हौदात सुमारे चार फूट लांबीची एक लोखंडी बोट सोडली. बोटीत कोणी नव्हते. तिला दोरी नव्हती की तार नव्हती. टेस्ला दूर उभे राहून एका पेटीवरची मूठ फिरवीत. पेटीतून निघालेल्या अदृश्य लहरी बोटीपर्यंत पोहोचत. मग बोट वळे, थांबे, दिवे लावी. लोक थक्क झाले. काहींना ती जादूच वाटली! लोक चक्क बोटीलाच प्रश्न विचारू लागले. ६४ चे घनमूळ किती, असे विचारताच दिवे चार वेळा लुकलुकले, असे सांगतात. उत्तर अर्थातच टेस्लांचे होते.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले. पुढे त्यांनी हा शोध सरकारला देऊ केला, तेव्हा एक अधिकारी मोठ्याने हसला. टेस्ला मात्र निराश झाले नाहीत. १९०० साली त्यांनी एका लेखात लिहिले, की या बोटीची बुद्धी उसनी आहे. ती चालवणाऱ्या माणसाची आहे. पुढे स्वतःच्या बुद्धीने चालणारी यंत्रेही येतील, असा त्यांना विश्वास होता.

७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनेक वर्षांनी, २०२२ साली, नॉर्वेमध्ये 'यारा बिर्कलँड' हे जहाज मालवाहतूक करू लागले. खलाशांशिवाय चालावे, अशा हेतूने ते बांधले होते. तरी सुरुवातीला त्यावर खलाशी ठेवावे लागले. कारण समुद्रात धुके पडते. अचानक एखादी मासेमारी होडी आडवी येते. किनाऱ्यावर पडद्यासमोर बसलेल्या माणसाला वाऱ्याचा जोर अंगावर जाणवत नाही. तासन्‌तास नुसते पाहत बसल्याने त्याचे लक्षही ढळू शकते. अशा वेळी थांबायचे की वळायचे, हे क्षणात ठरवावे लागते. त्या होडीतल्या कोळ्यांचे प्राण त्या निर्णयावर अवलंबून असतात.

टेस्लांच्या हौदात असे संकट नव्हते. पण मूठ कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्या छोट्या बोटीनेच प्रथम आपल्यापुढे ठेवला. यंत्र कितीही दूर गेले, तरी त्याची जबाबदारी माणसाचीच असते.