डोंबिवलीचं नाव लागलेली संख्या

डोंबिवली म्हटलं की लोकलची गर्दी आधी आठवते. पण आपल्या या स्टेशनाचं नाव गणितातही आहे, हे बिल्डिंगमधल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. ते नेलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी.

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे आकडेमोड घरातलीच. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, १९२९ला बी.एस्सी. आणि १९३०पासून देवळालीत शाळामास्तर. १९६२ला निवृत्त होईपर्यंत तिथेच.

जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आपल्या डोंबिवलीला, त्यांना एक कल्पना सुचली. त्यातून निघालेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' हेच नाव दिलं. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१. असं करत नऊ वेळा एक लिहून वर्ग केला की येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी संख्या, डोंगरासारखी चढते आणि उतरते. दहावा एक लावला की हातचे येतात आणि डोंगर मोडतो.

हिच्या सगळ्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने तिला निःशेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. नाव ठेवावं तर असं!

आम्हा बँकवाल्यांना या नऊचा परिचय जुना. खतावणी जुळेना आणि फरकाला नऊने भाग गेला, तर कुणीतरी ५४चे ४५ लिहिलेत का, ते आधी बघायचं. कापरेकरांची प्रसिद्ध ६१७४ हीसुद्धा नऊच्याच पाढ्यातली. कुठलीही चार आकडी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वेळात ६१७४ हजर. हे त्यांनी १९४९ला मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं.

आपल्याकडच्या गणितज्ञांना मात्र हा पोरखेळ वाटे. मास्तरांकडे पुढची पदवी नव्हती, हेही त्यांच्या मनात असावं, असं मला वाटतं. १९६६ला पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, म्हणून उतारवयात शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं. मास्तर तेव्हा सत्तरीत होते. १९८६ साली देवळालीतच त्यांचं निधन झालं.

सोसायटीतल्या मुलांनी तो नऊ एकांचा गुणाकार कागदावर जरूर मांडून पाहावा. चौकटीची वही घेतली तर रांगा सरळ येतात.