चर्नी रोडच्या बागेतला विद्यार्थी

नंदनवनात हुशार मुलांच्या उन्हाळी वर्गांची जाहिरात लागली की आम्ही आधी फी वाचतो. भीमरावांना हायस्कुलात संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. शाळेबाहेर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेत भरला. त्यांनी पुस्तके पुरवली. १९०७ साली मॅट्रिकच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपये मिळाले. १९१२ ला बी.ए., १९१३ ला बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियात! केळुसकरांनी ना चाचणी घेतली, ना फी. आमच्या विहाराची खोली मे महिन्यात दुपारी रिकामी असते. मुलांजवळ रोज तासभर बसायला शिक्षक, वकील हवे आहेत.