इंग्रजांच्या जहाजांना टक्कर देणारे सोलापूरचे वालचंदशेठ

अहिल्यानगर : गाडी दुसऱ्याची असली की भाडंही तोच ठरवतो, हे कांदा-ऊस वाहणाऱ्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. इंग्रजी राज्यात समुद्रावर हेच चालायचं. शेजारच्या सोलापुरात 1882 मध्ये जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी आधी बार्शी लाइट रेल्वेची ठेकेदारी केली. 1919 मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्यासारख्या भागीदारांसोबत सिंधिया जहाज कंपनी काढली. 5 एप्रिलला ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. इंग्रज कंपन्यांनी भाडं पाडून कोंडी केली. 1923 च्या करारानं सिंधियाला किनाऱ्यावरच्या वाहतुकीवर भागवावं लागलं. शेठ हटले नाहीत. विशाखापट्टणमला जहाजाचा कारखाना उभारला. 1948 मध्ये तिथलं ‘जलउषा’ पाण्यात उतरलं. 8 एप्रिल 1953 रोजी ते गेले. 5 एप्रिल मात्र आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.