रामाचे घर सांभाळणाऱ्या वेणास्वामी

श्रीरामनवमीच्या माध्यान्ही जन्मकाळ झाला, पाळणा हलला, सुंठवडा हातावर पडला, की उत्सवाचा गाभाऱ्यातील भाग संपतो आणि मुदपाकखान्यातील भाग सुरू होतो. पहिल्या भागाचे वर्णन कवींनी आणि आम्हां कीर्तनकारांनी कंठ सुकेपर्यंत केले आहे. दुसऱ्या भागाकडे मात्र आम्ही थोडे दुर्लक्षच केले. कोठीतला शिधा कोणी मोजला, पहाटे चुली कोणी पेटविल्या, अवेळी आलेल्या वाटसरूला पाटपाणी कोणी केले, हे पोथीत क्वचितच लिहिलेले असते. समर्थ संप्रदायात हे सारे ज्यांनी उपासना म्हणून केले आणि शिवाय नारदाच्या गादीवर उभे राहण्याचा अधिकारही मिळविला, अशा एका थोर स्त्रीचे चरित्र आजच्या दिवशी स्मरावेसे वाटते. त्या म्हणजे समर्थशिष्या वेणाबाई. संप्रदायात त्यांना आदराने वेणास्वामी म्हणतात. त्यांची पुण्यतिथी चैत्र वद्य चतुर्दशी, म्हणजे रामनवमीनंतर वीस दिवसांच्या आतच येते. आणि करवीरकरांना विशेष अभिमानाची गोष्ट अशी, की त्या आपल्या कोल्हापूरच्या लेक होत.

शालिवाहन शकाच्या सोळाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे इसवी सन १६२८ च्या सुमारास, त्यांचा जन्म झाला. करवीर नगरीवर त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. तत्कालीन रीतीप्रमाणे वेणाबाईंचे लग्न अजाण वयातच झाले. सासर मिरजेचे. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच कपाळीचे कुंकू पुसले गेले. बालविधवेचे जिणे त्या काळी काय होते, हे आपल्या घराण्यांतील वृद्ध स्त्रियांनी पाहिलेले अथवा ऐकलेले आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही. घरात राबण्यापुरती ती हवी, मंगलकार्यात मात्र दृष्टीआड हवी, एवढे सांगितले तरी पुरे. वेणाबाईंच्या सासरी एक मोठी अनुकूलता होती. त्यांना वाचता येत होते आणि घरात पोथी होती.

समर्थ रामदासस्वामी तीर्थाटन आटोपून १६४४ मध्ये कृष्णातीरी आले. त्यानंतर एका दिवशी ते मिरजेस त्या घरी भिक्षेला उभे राहिले. वेणाबाई तुळशीवृंदावनापाशी बसून एकनाथी भागवत वाचीत होत्या. वाचलेले समजते काय, अशा अर्थाची विचारणा समर्थांनी केली आणि त्या मुलीने भीड न धरता मनात साठलेल्या शंकांमागून शंका विचारल्या, अशी कथा संप्रदायात सांगतात. भिक्षेकऱ्याच्या झोळीत दाणे पडण्याऐवजी प्रश्न पडावेत आणि त्याने ते आनंदाने स्वीकारावेत, असा हा प्रसंग आहे. गुरुशिष्यसंबंधाचा आरंभ यापेक्षा सुंदर कोणता असू शकेल?

पुढे वेणाबाई माहेरी कोल्हापुरास आल्या असता समर्थांचा मुक्काम तेथे पडला. अंबाबाईच्या देवळात त्यांची कीर्तने होऊ लागली. पुढे कल्याणस्वामी म्हणून ज्यांची कीर्ती झाली, ते अंबाजी याच नगरीत समर्थांच्या पायाशी लागले. वेणाबाईही कीर्तनाला जाऊ लागल्या. तरुण विधवा, रात्रीचे कीर्तन, परका गोसावी! गावाच्या जिभेला आणखी काय हवे होते? निंदा इतकी वाढली, की घरच्यांनीच कुळाची अब्रू राखण्यासाठी त्यांना विष दिले आणि समर्थकृपेने त्या वाचल्या, असे परंपरा सांगते. या कथेतील चमत्काराचा भाग सांगताना कीर्तनात टाळ्या पडतात. मला मात्र तिचा पूर्वार्धच अधिक अंतर्मुख करतो. ज्यांनी विष दिले ते राक्षस नव्हते. ते आपल्यासारखेच स्नानसंध्याशील, व्रतवैकल्ये करणारे, उत्सवाला वर्गणी देणारे लोक होते.

ज्या घरात जन्म झाला तेथे जागा उरली नाही, आणि ज्या घरात दिले ते तर पूर्वीच परके झाले होते. समर्थांनी ही कन्या चाफळला आणली.

चाफळचे श्रीराममंदिर १६४८ मध्ये उभे राहिले. तेथील रामनवमीचा उत्सव हा सगळ्या समर्थ संप्रदायाचा वार्षिक मेळावाच झाला. गावोगावचे महंत, शिष्य, वाटसरू, गोरगरीब जमत. एवढ्यांच्या मुखी अन्न घालायचे तर द्रव्य कोठून आणायचे? उत्तर एकच होते : झोळी. उत्सवाची सामग्री कमी पडत असताना समर्थांनी मनाचे २०५ श्लोक रचले आणि शिष्य ते म्हणत घरोघर भिक्षेला निघाले, अशी आख्यायिका प्रसिद्धच आहे. दासबोधात चौदाव्या दशकाचा दुसरा समास समर्थांनी सर्वस्वी भिक्षेसाठी ठेवला आहे. भिक्षा म्हणजे याचना नव्हे, लोकांची ओळख करून घेण्याची ती रीत आहे, हा त्याचा आशय. गृहिणीने घातलेली मूठभर ज्वारी चाफळच्या कोठीत जाई आणि तिचीच भाकर होऊन तिच्याच गावच्या वाटसरूच्या पानात पडे. देणाराही रामाचा, घेणाराही रामाचा. मठ केवळ मधली ओसरी.

आपल्याकडे पंचमहायज्ञांत अतिथिपूजनाची गणना आहे, आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरुकुलातून घरी निघालेल्या शिष्याला मातापिता व आचार्य यांच्या जोडीनेच अतिथीलाही देव मानण्याचा उपदेश आहे. परंतु हे गृहस्थाश्रमाचे धर्म. ज्याने घर सोडले त्याने आतिथ्य करावे कसे, हा प्रश्न जगात जेथे जेथे विरक्तांचे समुदाय झाले तेथे तेथे उभा राहिला आहे. इटली देशात सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट म्हणून एक सत्पुरुष होऊन गेले. इसवी सन ५२९ च्या सुमारास त्यांनी मॉन्टे कॅसिनो या डोंगरावर मठ स्थापिला आणि मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. प्रार्थना, अध्ययन आणि अंगमेहनत यांचा दिवसभराचा क्रम तीत घालून दिला आहे. दारी आलेल्या अतिथीला प्रत्यक्ष ख्रिस्त समजून सामोरे जावे, गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी, कोठीवाल्याने मठाची भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांप्रमाणे जपावीत, स्वयंपाकाची पाळी सर्वांनी आळीपाळीने घ्यावी, असे तिचे स्वरूप आहे. धर्म वेगळा, देश वेगळा, मधले अंतर हजार वर्षांहून अधिक. परंतु चाफळचा रामदासी हे ऐकून चकित झाला नसता. आतिथ्य हे उपासनेनंतर उरलेल्या वेळात करण्याचे काम नसून उपासनेचेच अंग आहे, ही खूण दोघांनाही पटलेली होती.

वेणाबाईंनी चाफळला हीच विद्या आत्मसात केली. त्यांच्याबरोबर कऱ्हाडच्या अक्काबाई होत्या. सडासंमार्जन, सारवण, दळणकांडण, देवाची उपकरणी, कोठीची मोजदाद, आणि सायंकाळी श्रवण व निरूपण. उष्टी काढणाऱ्या हातांनीच रात्री पोथी उलगडायची. समर्थांच्या मठात पाठांतर आणि लेखन यांना मोठा मान होता. दासबोधात अक्षर कसे काढावे, यासाठी स्वतंत्र समास आहे. शिधा मोजणे आणि अक्षर वळणदार काढणे यांत समर्थांनी मोठे आणि छोटे असा भेद केला नाही.

चाफळच्या उत्सवाची एक गोष्ट कीर्तनकार फार प्रेमाने सांगतात. रामनवमीच्या तयारीचा भार वेणाबाईंवर असताना त्या तापाने अंथरुणाला खिळल्या. तोच कोणी रामाबाई नावाची अनोळखी स्त्री आली. तिने कमरेला पदर खोचला, सगळी कामे उरकली आणि उत्सव पार पडताच ती दिसेनाशी झाली. पैठणास नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा तो भगवंत, इथे रामाबाई होऊन आला, असा भक्तांचा भाव आहे. श्रद्धेचा विषय म्हणून ही कथा ऐकावी. पण तिच्यात एक व्यवहारही दडलेला आहे. देवाला ज्या कामासाठी रूप पालटून यावेसे वाटले, ते काम करणाऱ्या घरच्या बायकांना उत्सवाच्या दिवशी जन्मकाळाचे दर्शन तरी निवांतपणे घडते काय? आपापल्या घरचे उत्तर ज्याने त्याने द्यावे.

पुढे समर्थांनी वेणाबाईंना मिरजेच्या मठाचे आधिपत्य दिले. ज्या गावात त्यांचे दुर्दैव ओढवले, त्याच गावात त्या अधिकारी होऊन परतल्या. मिरजेचा किल्ला तेव्हा विजापूरकरांच्या ताब्यात होता. तेथील अधिकारी जलालखान याने वडगावच्या जयरामस्वामींना राम दाखविण्याचे आव्हान दिले. तेव्हा समर्थ मारा करण्याच्या अरुंद झरोक्यातून स्वामींसह पार झाले आणि त्याच वाटेने येण्यास त्यांनी खानाला सांगितले. खान शरण आला आणि मठासाठी जागा मिळाली, अशी कथा आहे. देह सोडल्याखेरीज त्या वाटेने जाता येत नाही, हा तिचा अर्थ. मिरजेच्या ब्राह्मणपुरीत वेणास्वामींचा मठ आजही आहे.

मठाधिपती झालेल्या स्त्रीपुढे दुहेरी कसोटी होती. अन्न द्यायचे ते पुरले पाहिजे आणि उपदेश द्यायचा तो पटला पाहिजे. दुसऱ्या कामी समर्थांनी त्यांना उभ्याने कीर्तन करण्याची आज्ञा दिली. ज्या काळी विधवेने चारचौघांत मान वर करणे अनुचित मानले जाई, त्या काळी तिने सभेपुढे उभे राहून हरिकथा करावी आणि पुरुषश्रोत्यांनी खाली बसून ती ऐकावी, हा समर्थांचा निर्णय लहान नव्हता. आज स्त्रीकीर्तनकारांचे कौतुक होते, ते यथार्थच आहे. पण त्यांनी प्रारंभीच्या नमनात वेणास्वामींचेही स्मरण करीत जावे.

त्या काळच्या पंक्तींना जातीची रेघ होती, हेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. संतांच्या नावावर आपल्या काळाचे विचार चढविणे ही त्यांची सेवा नव्हे. त्या काळाने आखलेल्या चौकटीत एका टाकलेल्या स्त्रीने दार किती उघडे ठेवले, हे पाहावे. चौकट रुंद करण्याचे काम पुढच्या पिढ्यांकडे आले, ते अजून चालू आहे.

वेणाबाईंच्या ग्रंथरचनेत सीतास्वयंवर हे काव्य सर्वांत लोकप्रिय झाले. याशिवाय उपदेशरहस्य, पंचीकरण, रामगुहकसंवाद आदी प्रकरणे आणि अभंगपदेही आहेत. परंतु रसिकांनी सीतास्वयंवर अवश्य वाचावे. कथा मिथिलेची, पण लग्न थेट महाराष्ट्रातले. विधी, मानपान, वऱ्हाडाची सरबराई, पंगतीचा थाट, विहिणींची लगबग, सारे आपल्या ओळखीचे. ज्यांच्या वाट्याला लग्नातून केवळ वैधव्य आले आणि ज्यांना जन्मभर मांडवाच्या बाहेर उभे राहावे लागले असते, त्या स्त्रीने सीतेचे लग्न इतक्या हौसेने लावले! त्यात कोठे कडवटपणाचा थेंब नाही. कोठी सांभाळणारीला पंगतीत काय कमी पडते हे ठाऊक असते. म्हणून जानकीच्या लग्नात त्यांनी काही कमी पडू दिले नाही. सुवासिनींनी हे काव्य वाचावे आणि मग आपल्या घरच्या हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलावणे गेले नाही, ती यादीही एकदा डोळ्यांखालून घालावी.

१६७६ मध्ये समर्थ परळीच्या किल्ल्यावर, म्हणजेच सज्जनगडावर, कायमच्या वास्तव्यास आले. दोन वर्षांनी, शके १६०० च्या चैत्रात, वेणाबाई गडावर होत्या. देह ठेवण्याची वेळ आली आहे हे त्यांनी जाणले होते, असे संप्रदाय मानतो. चैत्र वद्य चतुर्दशीस समर्थांसमोर त्या कीर्तनाला उभ्या राहिल्या. रंग भरला, कीर्तन संपले, आणि गुरुचरणांवर मस्तक ठेवून त्यांनी तेथेच प्राण सोडला. कीर्तनकाराला याहून मोठे दान काय मागावे, ते मला सुचत नाही. त्याच वर्षीच्या विजयादशमीस शिवछत्रपतींनी चाफळच्या श्रीरामाला सनद करून दिली. ते वैभव पाहण्यास वेणाबाई नव्हत्या. त्यांच्या आयुष्यातील चुली मुख्यत्वे झोळीतल्या दाण्यांवरच पेटल्या.

त्यांची शिष्यपरंपरा बाइयाबाईंनी चालविली आणि बाइयाबाईंचे शिष्य गिरिधरस्वामी यांनी श्रीसमर्थप्रताप लिहिला. समर्थकाळाविषयी आज आपल्याला जे कळते, त्यांतील पुष्कळसे या ग्रंथामुळे. समर्थांनी १६८२ मध्ये देह ठेवल्यावर अक्काबाईंनी संस्थानाची धुरा जवळजवळ चार दशके वाहिली. मोगलांचे आक्रमण आले तेव्हा त्यांनी देवाच्या मूर्ती वासोट्यासारख्या बिकट किल्ल्यावर नेऊन जपल्या, आणि संकट टळल्यावर परत आणल्या. शके १६४३ मध्ये त्याही गेल्या.

या दोघींच्या समाध्या सज्जनगडावर आहेत. समर्थांच्या पादुका घेऊन रामदासी मंडळी अजूनही गावोगाव भिक्षाफेरीला निघतात, दारोदार मनाचे श्लोक म्हणतात, आणि गडावर येणाऱ्या यात्रेकरूला कोठून आलास एवढेच विचारून प्रसादाच्या पंगतीला बसवितात.