राजधानी हलली, राज्य टिकलं: मलिक अंबर आणि माझा उडालेला डेटाबेस

क्रांती चौकाजवळच्या एका मेसचा हिशेब मी बुडवला होता. पैसे खाल्ले नाहीत, डेटा उडवला. त्यातून बाहेर पडताना जे शिकलो, ते मला सगळ्यात नीट समजलं ते चारशे वर्षांपूर्वीच्या एका माणसामुळे. आपलं हे शहर ज्याने वसवलं तो मलिक अंबर. आज त्याचीच गोष्ट सांगतो, आणि सोबत डेटाबेस असलेली वेबसाईट कुबरनेटिसवर कशी टाकायची तेही.

आधी माझी चूक. आमच्या मेसवाल्या काकूंसाठी मी छोटी वेबसाईट बनवली. स्पर्धा परीक्षेची साठेक पोरं तिथे जेवतात. कोण कधी जेवलं नाही, म्हणजे खाडे किती, आणि कुणाची बाकी किती, एवढंच त्यात होतं. मागे पोस्टग्रेस डेटाबेस. शिकायची हौस म्हणून हे सगळं कुबरनेटिस क्लस्टरवर चढवलं. तीन महिने मस्त चाललं. एका रात्री क्लस्टरचं अपग्रेड झालं. सकाळी सगळे दिवे हिरवे, साईट उघडतेय, पण आत एकही नाव नाही. तीन महिन्यांचे खाडे गायब!

असं का झालं? कंटेनर म्हणजे काकूंचा डबा समजा. पोळी, भाजी, भात, चमचा, लागणारं सगळं आत. तसंच प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलं की झाला कंटेनर. असे शेकडो डबे कुठे ठेवायचे, सांडला तर दुसरा कधी आणायचा, हे बघणारा मुकादम म्हणजे कुबरनेटिस. गूगलने २०१४ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. यात डबा ज्या पिशवीत असतो तिला पॉड म्हणतात, आणि ज्या मशीनवर तो चालतो तिला नोड. एक नोड गेला की कुबरनेटिस दुसऱ्यावर नवा पॉड उभा करतो. नवा म्हणजे अगदी कोरा. जुन्या डब्यात काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी डेटाबेस डब्यातच ठेवला होता.

चापू ते मलिक अंबर

आता चला इतिहासात. साधारण १५४८ मध्ये इथिओपियात एक मुलगा जन्मला, नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्राकाठच्या बाजारांतून तो बगदादपर्यंत पोहोचला. तिथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला, हिशेब ठेवायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. चंगीझखान स्वतःही एके काळचा हबशी गुलाम. दरबार कसा चालतो, फौज कशी पोसायची, हे अंबर त्याच्याकडे शिकला. चंगीझखान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं.

हातात जहागीर नाही, पाठीशी घराणं नाही. तो काही काळ विजापूरकडे गेला, स्वतःची छोटी घोडेस्वारांची तुकडी उभी केली आणि पुन्हा निजामशाहीत परतला. आणि १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. चांदबीबी मारली गेली, लहान सुलतान कैदेत गेला. मोगलांच्या लेखी निजामशाही संपली होती.

कसं हवं ते आधी ठरवा

अंबरला ते मान्य नव्हतं. त्याने निजामशाही घराण्यातला एक वारस शोधला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून तख्तावर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. राजधानी पडली म्हणून राज्य पडलं असं नाही, हे त्याने दाखवून दिलं. पुढे राजधानी परांड्याहून जुन्नरला गेली, मग दौलताबादला, मग खडकीला. किल्ला बदलला, राज्य तेच.

कुबरनेटिस नेमकं हेच करतो. आपण एका फाईलमध्ये लिहून देतो की मला वेबसाईटच्या तीन प्रती चालू हव्यात. मग तो सतत बघत राहतो: हवं ते काय आणि प्रत्यक्षात काय. दोन्हींत फरक पडला की भरून काढतो. एक प्रत मेली तर दुसरी उभी. अंबरचं हवं ते एका ओळीत मावत होतं: तख्तावर निजामशाह असलाच पाहिजे.

लढाईतही त्याचा हाच हिशेब होता. मोगलांच्या मोठ्या फौजेसमोर एकच मोठी फौज उभी करायची नाही. मराठा आणि हबशी स्वारांच्या छोट्या, चपळ तुकड्या ठेवायच्या, रसद तोडायची आणि पसार व्हायचं. एक तुकडी गेली तरी लढा थांबत नाही. यालाच बर्गीगिरी म्हणत. वेबसाईटचा पुढचा भाग असाच ठेवा, सुटा आणि कधीही बदलता येईल असा. त्याच्या कितीही प्रती काढा.

पण डेटाबेसच्या नाही. हे नीट लक्षात ठेवा. सुरुवातीची काही वर्षं निजामशाहीच्या मुलखात अंबर आणि राजू दखनी असे दोघे सत्ता चालवत होते. दोघेही सुलतानाचं नाव घ्यायचे आणि आपसातच भांडायचे. १६०७ च्या सुमारास अंबरने राजूला हरवलं, तेव्हा कुठे राज्याला एक दिशा आली. एकाच डेटावर दोन पोस्टग्रेस एकदम लिहायला बसले तर तसंच होतं, डेटा खराब होतो. डिप्लॉयमेंट नावाचा प्रकार अपडेटच्या वेळी सहसा जुना पॉड जायच्या आधीच नवा उभा करतो. वेबसाईटला ते उत्तम, डेटाबेसला घातक. म्हणून डेटाबेससाठी स्टेटफुलसेट वापरायचा. तो प्रत्येक पॉडला कायमचं नाव आणि स्वतःची साठवण देतो. जुना गेल्याशिवाय त्याच नावाचा नवा येत नाही.

शहर जळलं, हिशेब गावात होता

१६१० मध्ये अंबरने खडकी गावाजवळ नवं शहर वसवायला घेतलं. तेच आपलं शहर. क्रांती चौकातून गाडीवर थोड्याच वेळात पोहोचाल असा भडकल दरवाजा त्याने १६१२ मध्ये बांधला, तो आजही उभा आहे. पण १६१६ मध्ये मोगलांनी अंबरचा पराभव करून खडकी उद्ध्वस्त केली, १६२१ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा वाटलं असेल, संपलं सगळं. तरी शहर परत उभं राहिलं, फौजेचा पगार परत सुरू झाला.

पैसा आला कुठून? अंबरने महसुलाची घडी बसवली होती. मक्ता घेऊन वाट्टेल तसं लुटणाऱ्या मधल्या माणसांना बाजूला केलं, जमीन मोजली, तिची प्रत पाहिली आणि सारा ठरवला. वसुली गावच्या पाटलामार्फत, नोंद कुलकर्ण्याच्या दप्तरात. पुढच्या काळातल्या मराठी कागदांत मलिकंबरी हा शब्द येतो तो याच पद्धतीसाठी. राजधानी जाळता येते, पण गावागावातलं दप्तर एका रात्रीत जाळता येत नाही. राज्याचा डेटा राजधानीच्या बाहेर होता!

माझ्या भाषेत यालाच पर्सिस्टंट व्हॉल्यूम म्हणतात, म्हणजे पॉडच्या बाहेरची कायमची साठवण. पॉड आपल्याला किती जागा हवी याचा अर्ज करतो, त्याला पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम म्हणतात. पॉड मेला तरी साठवण राहते, आणि नवा पॉड तीच साठवण जोडून घेतो. एक सापळा मात्र आहे. बऱ्याच क्लस्टरवर अर्ज खोडला की साठवणही पुसली जाते, कारण मूळ सेटिंग डिलीट असतं. ते बदलून रिटेन करा. आणि एम्प्टीडिर नावाच्या साठवणीला भुलू नका. कंटेनर कोसळला तर ती टिकते, पण पॉड हलला की तीही जाते.

नहर: पत्ता तोच, पाणी वाहतं

अंबरचं सगळ्यात मोठं काम जमिनीखाली आहे. नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूचं भूगर्भातलं पाणी त्याने जमिनीखालच्या दगडी-विटांच्या मार्गाने, फक्त उताराच्या जोरावर शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही. वाटेत ठराविक अंतरावर मॅनहोल, म्हणजे आत उतरून तपासता यावं. आज नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे आपल्याला पाठ असतं, म्हणून या कामाची किंमत आपल्यालाच जास्त कळते.

हौदावर पाणी भरणाऱ्याला ते कुठल्या झऱ्यातून आलं हे माहीत असायची गरज नव्हती. त्याला हौद माहीत. कुबरनेटिसमध्ये या हौदाला सर्व्हिस म्हणतात. पॉड बदलला की त्याचा आयपी पत्ता बदलतो, पण सर्व्हिसचं नाव बदलत नाही. म्हणून वेबसाईटमध्ये डेटाबेसचा आयपी लिहू नका, सर्व्हिसचं नाव लिहा. पासवर्ड कोडमध्ये न ठेवता सीक्रेटमध्ये ठेवा. आणि मॅनहोलसारखी तपासणीची जागा ठेवा, तिला प्रोब म्हणतात. माझा प्रोब फक्त पान उघडतंय का एवढंच बघत होता. पान उघडत होतं, टेबल रिकामं होतं, म्हणून दिवे हिरवे. आता मी रोज एकूण नोंदी मोजतो. कालच्यापेक्षा एकदम कमी झाल्या की फोनवर मेसेज येतो.

ज्याची दुसरी प्रत नव्हती

१६२४ मध्ये, पंचाहत्तरीच्या आसपास असताना, अंबरने अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकत्र हरवलं. तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. दोन वर्षांनी, १६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

आणि मग? मुलगा फतेहखान वडिलांच्या जागी आला. त्याने सुलतानालाच मारलं आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांना देऊन टाकलं. शहाजीराजांनी पेमगिरीवर दुसरा वारस बसवून अंबरचाच डाव पुन्हा खेळला, पण १६३६ मध्ये निजामशाही कायमची संपली. अंबरने राजधानी बदलता येईल अशी ठेवली, सुलतान बदलता येईल असा ठेवला, फौजेच्या तुकड्या केल्या, हिशेब गावागावात ठेवला. एकाच गोष्टीची दुसरी प्रत नव्हती: तो स्वतः.

म्हणून शेवटचा धडा. पर्सिस्टंट व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे. ती साठवणही एकाच ठिकाणी असते, आणि चुकून दिलेली डिलीट कमांड ती निमूटपणे पाळते. क्रॉनजॉब लावून रोज रात्री डेटाबेसची प्रत काढा आणि क्लस्टरच्या बाहेर ठेवा. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसरीकडे उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे फतेहखान. वेळ आल्याशिवाय कळत नाही की तो काय करणार.

माझ्या मेसचं काय झालं? काकूंना मी खरं सांगितलं. त्या रागावल्या, मग आतून एक वही घेऊन आल्या. माझ्या वेबसाईटवर त्यांचा कधीच पूर्ण विश्वास नव्हता. कुणी किती पैसे दिले ते त्या रोज वहीत लिहीत होत्या. बाकी सगळी जुळली. खाडे मात्र वहीत नव्हते, ते पोरं सांगतील तसे धरावे लागले. त्यात काकूंना जो फटका बसला तो मी भरून दिला.

आता साईट पुन्हा चालू आहे. स्टेटफुलसेट आहे, रिटेन आहे, रोजचा बॅकअप आहे. काकूंची वहीही चालू आहे. बंद करा असं मी आता म्हणत नाही.