मटारची बरणी आणि निकोला आपेर

जानेवारीत मटार स्वस्त झाला की घरोघरी पाच-पाच किलो शेंगा सोलायला घेतल्या जातात. त्याच दिवसांत, रक्तदाबाच्या तपासणीसाठी नेहमी येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या ओपीडीत आल्या आणि त्यांनी कापडी पिशवीतून काचेची एक बरणी काढून टेबलावर ठेवली. आत मिठाच्या पाण्यात उकडलेले मटार होते. झाकण घट्ट लावून बरणी अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवलेली, आणि नंतर तीन आठवडे ओट्याखाली. मटार हिरवेगार दिसत होते, झाकण फुगलेले नव्हते. वसतिगृहात राहणाऱ्या नातवाला ती बरणी पाठवावी की नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते.

बरणी न उघडता, चवही न घेता टाकून द्या, असे मी त्यांना सांगितले. त्यांना ते लागले. दर उन्हाळ्यात त्या याच पद्धतीने कैरीचे पन्हे बाटल्यांत भरून ठेवतात आणि आजवर घरात कोणाला काही झालेले नाही. मग मटारानेच काय घोडे मारले?

प्रश्न अगदी रास्त होता. बाहेर रुग्णांची रांग असल्याने तेव्हा त्याचे नीट उत्तर देता आले नाही, ते आज देत आहे. त्यासाठी सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागेल. मटार बाटलीत भरून, बूच लावून, उकळत्या पाण्यात ठेवून महिनोन् महिने टिकवण्याचे तंत्र ज्या फ्रेंच माणसाने जगाला दिले, त्याच्या आयुष्यातच या प्रश्नाचे उत्तर आहे.

निकोला आपेर यांचा जन्म १७ नोव्हेंबर १७४९ रोजी फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातील शालों या गावी झाला. वडिलांची सराई होती. वाटसरूंना राहायला खोली, जेवण आणि वाइन मिळायची. तळघरात वाइनच्या बाटल्या भरणे, त्यांना बूच मारणे ही कामे या मुलाने लहानपणापासून पाहिली आणि केली. विज्ञानाचे शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. बिअर गाळण्याचे काम ते शिकले, स्वयंपाकात तरबेज झाले आणि एका जर्मन सरदार घराण्याच्या मुदपाकखान्यात त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली. १७८०च्या दशकात पॅरिसला येऊन त्यांनी मिठाईचे दुकान थाटले.

त्या काळी मिठाईवाल्याचे मोठे काम म्हणजे फळे साखरेच्या पाकात टिकवणे. आपल्या मोरांब्यासारखेच. पण आपेर यांना यातले एक वैगुण्य खटकत होते. पाकात घातलेले फळ टिकते, मात्र जिभेला लागते ती साखर. मिठात घातलेली भाजी टिकते, मात्र खारट होते. वाळवलेली भाजी टिकते, मात्र तिचा पोत आणि वास जातो. ताज्या फळाची, ताज्या भाजीची चव तशीच राखता येईल का, हा ध्यास त्यांना लागला.

मधल्या काळात फ्रेंच राज्यक्रांती झाली. आपेर तिच्यात हिरिरीने सामील झाले आणि १७९४च्या दहशतीच्या पर्वात त्यांनाच काही महिने तुरुंगात काढावे लागले. कित्येकांची डोकी गिलोटिनखाली उडाली, हे वाचले. सुटून आल्यावर राजकारण मागे पडले आणि प्रयोग सुरू झाले. पंधराएक वर्षे ते चालले.

पुढे पॅरिसच्या दक्षिणेला मासी या गावी त्यांनी कारखाना उभारला. आजूबाजूला मटार आणि घेवड्याची शेती होती. शेंगा तोडल्यापासून मटार बाटलीत जाईपर्यंत जितका कमी वेळ जाईल तितके चांगले, हे त्यांनी अनुभवाने ताडले होते.

त्यांची कृती वाचताना एखाद्या काटेकोर गृहिणीचीच आठवण होते. शॅम्पेनच्या बाटल्यांची काच जाड असते, कारण आतल्या वायूचा दाब तिला सोसावा लागतो. आपेर यांनी तशाच जाड काचेच्या, पण रुंद तोंडाच्या बाटल्या करवून घेतल्या. बाटली काठोकाठ न भरता थोडी जागा सोडायची. उत्तम प्रतीचे बूच ठोकून बसवायचे आणि वरून तारेने आवळायचे. रुंद तोंडाच्या बाटल्यांवर चीज आणि चुना यांचा लेपही द्यायचा. मग प्रत्येक बाटली जाड कापडी पिशवीत घालायची, म्हणजे फुटली तर काचा पसरणार नाहीत. त्यानंतर पाण्याच्या मोठ्या हंड्यात सगळ्या बाटल्या उभ्या करून हंडा उकळायचा. किती वेळ, ते पदार्थाप्रमाणे वेगळे. काही फळांना जेमतेम एक उकळी पुरे, मटारांना मात्र दीड ते दोन तास. असे का, हे त्यांना ठाऊक नव्हते. कमी वेळ उकळलेल्या मटारांच्या बाटल्या खराब होतात, एवढे त्यांनी पाहिले होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फ्रेंच आरमाराला या बाटल्यांत रस असणे साहजिक होते. महिनोन् महिने समुद्रावर असलेल्या खलाशांच्या नशिबी खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे असत. आरमाराने आपेर यांचे मटार, घेवडा आणि मांसाचा रस्सा काही महिने ठेवून मग उघडून पाहिला आणि अनुकूल अहवाल दिला. सरकारने त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले. पेटंट घेऊन कृती स्वतःच्या मालकीची ठेवावी, किंवा १२ हजार फ्रँक घ्यावेत आणि सगळी कृती छापून जगजाहीर करावी. आपेर यांनी दुसरा पर्याय निवडला.

१८१० साली त्यांचे पुस्तक निघाले. कोणता पदार्थ कसा निवडायचा, बाटली कशी भरायची, किती वेळ उकळायची, बूच कसे तपासायचे, सगळे त्यात होते. हातचे काहीही राखलेले नव्हते. पुढच्या आवृत्तीला त्यांनी सर्व घरांसाठीचे पुस्तक अशा अर्थाचे नाव दिले. कारखानदारांइतकेच घरच्या स्वयंपाकघरासाठीही आपण लिहितो आहोत, याची त्यांना पुरती जाणीव होती.

या उदारपणाची किंमत त्यांनी मोजली. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँड या व्यापाऱ्याने तशाच पद्धतीचे इंग्लिश पेटंट मिळवले. त्यात काचेबरोबर पत्र्याच्या डब्याचाही समावेश होता. काही वर्षांतच डबाबंद अन्नाचा धंदा इंग्लंडमध्ये उभा राहिला. इकडे नेपोलियनचा पाडाव होताना १८१४ मध्ये शत्रूच्या फौजा पॅरिसभोवती शिरल्या आणि मासीचा कारखाना उद्ध्वस्त झाला. पासष्टीच्या आसपास आपेर यांनी पुन्हा सुरुवात केली. बाटल्यांऐवजी पत्र्याचे डबे घेतले, दाबाखाली पाणी तापवण्याच्या बंद भांड्यांचेही प्रयोग केले. १८२२ मध्ये फ्रान्समधील उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या संस्थेने त्यांना मानवजातीचा उपकारकर्ता असा किताब दिला. किताबाने पोट भरत नाही. १ जून १८४१ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, मासी येथे ते वारले तेव्हा हाती फारसे काही उरले नव्हते. त्यांचे दफन गरिबांच्या सामायिक कबरीत झाले.

अन्न का टिकते, हे मात्र आपेर यांना अखेरपर्यंत कळले नाही. त्या काळचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी अशा बाटल्यांमधली हवा तपासली. तिच्यात प्राणवायू सापडला नाही, म्हणून हवेतल्या प्राणवायूमुळे अन्न नासते असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो चुकीचा होता. अन्न नासवतात ते सूक्ष्मजीव, आणि उष्णतेने ते मरतात, हे लुई पाश्चर यांनी दाखवून दिले ते १८६०च्या दशकात, आपेर यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

हवा काढली की अन्न सुरक्षित, हा जुना समज आजही आपल्या स्वयंपाकघरात ठाण मांडून आहे. धोका नेमका तिथेच आहे. कारण एक जंतू असा आहे की त्याला हवा नकोच असते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हे त्याचे नाव. तो मातीत असतो, म्हणून शेंगा, कंदमुळे, लसूण यांच्याबरोबर घरात येतो. एरवी तो निरुपद्रवी. पण त्याचे बीजाणू, म्हणजे कवच घालून झोपलेले रूप, इतके चिवट असते की १०० अंशांच्या उकळत्या पाण्यातही ते तगते. उकळण्याने बाकीचे जंतू मरतात, हवा निघून जाते, बरणी थंड होते आणि या बीजाणूंना हवे तसे घर आयते मिळते. ते जागे होतात आणि विष तयार करतात. मटारांच्या बाटल्या जास्त वेळ का उकळाव्या लागत, याचे उत्तर इथे आहे. अशा चिवट बीजाणूंशी आपेर यांची गाठ पडत होती, पण ते त्यांना दिसत नव्हते.

आपेर हयात असतानाच, १८२०च्या सुमारास, युस्टिनुस केर्नर नावाचे एक जर्मन डॉक्टर सॉसेज खाऊन लुळ्या पडलेल्या रुग्णांच्या नोंदी करत होते. त्या विषाचा जंतू १८९५ मध्ये बेल्जियमच्या एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी शोधला. सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून या आजाराला बोट्युलिझम हे नाव पडले. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो, पण दिसला तर ओळखायला वेळ लागतो. बहुधा बारा ते छत्तीस तासांत, कधी काही दिवसांनी, एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या जड होतात, तोंड कोरडे पडते, बोलणे अडखळते, गिळता येत नाही. मग अशक्तपणा हातापायांत उतरतो आणि श्वासाचे स्नायू थकतात. ताप नसतो, शुद्ध पूर्ण असते. अशा वेळी घरी थांबू नये, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि काय खाल्ले होते ते डॉक्टरांना सांगावे.

आता शिक्षिकाबाईंच्या पन्ह्याकडे येऊ. पन्हे टिकले ते झाकणामुळे नव्हे, कैरीच्या आंबटपणामुळे. पदार्थाचा सामू, म्हणजे पीएच, ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हे बीजाणू जागे होत नाहीत. कैरी, लिंबू, आवळा, कोकम, चिंच, अननस यांच्या बाबतीत निसर्गानेच पहारा ठेवला आहे. अशा आंबट पदार्थांना साधे उकळते पाणी पुरते. लोणच्याला आंबटपणाबरोबर मिठाचा आधार असतो, मोरांब्याला साखरेचा, आणि आंबापोळी, आमसूल, वाळवलेली गवार यांच्यात जंतूला वाढायला पाणीच उरत नाही. आपल्या आज्यांनी मटार, मका, घेवडा कधी पाण्यात बाटलीबंद केला नाही, यात शहाणपण होते.

मटार, मका, फरसबी, गाजर, मशरूम हे सगळे आंबट नसलेले. त्यांचे बीजाणू मारायला सुमारे १२१ अंश तापमान लागते आणि ते दाबाखालीच मिळते. कारखान्यात ते मोजून दिले जाते. घरच्या कुकरमध्ये शिट्ट्या मोजून बरणीच्या मध्यापर्यंत ते पोहोचले की नाही, हे कळायला मार्ग नाही. म्हणून या भाज्या घरी बाटलीबंद करू नयेत. मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे घालावेत, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करावेत, निथळून पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत. तिथे बीजाणू मरत नाहीत, पण वाढतही नाहीत.

टोमॅटो कुंपणावर बसलेला. त्याची प्युरी बाटलीत भरायची तर लिटरमागे अर्धा चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड घालावे. पिकलेल्या गोड आंब्याचा आंबटपणाही कमी झालेला असतो, म्हणून आमरस फ्रीझरमध्येच बरा. आणि लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नये. तेलाखाली हवा नसते. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात १९८५ मध्ये अशाच तेलातल्या लसणाने अनेकांना बोट्युलिझम झाला होता. आले-लसणाची तेलातली गोळी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावी, जास्तीची गोठवावी.

वास, रंग, फुगलेले झाकण यांवर विसंबू नका. विष असलेला पदार्थ दिसायला अगदी चांगला असू शकतो.

शिक्षिकाबाई पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा बरणी टाकून दिल्याचे त्यांनी सांगितले. मटारांपेक्षा सोलण्यात गेलेल्या दुपारचे त्यांना अधिक वाईट वाटत होते. नातू सुट्टीला घरी येईल, तेव्हा फ्रीझरमधले मटार काढून त्याला उसळ करून घालणार आहेत.