देवकीनंदन खत्री : तिलिस्मातून मनाच्या अंधाराकडे

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात बिहारमधील पुसा या गावी, आजोळी, देवकीनंदन खत्री यांचा जन्म झाला. हा केवळ योगायोग होय. परंतु 1888 मध्ये देवकीनंदनांची ‘चंद्रकांता’ वाचकांसमोर आली, तेव्हा हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’ने (1885) मराठी कादंबरीला वास्तवाची वाट दाखविलेली होती. हिंदीत मात्र अद्भुताचे युग तेव्हा कोठे उजाडत होते, आणि ते आणणारा लेखक व्यवसायाने जंगलाचा ठेकेदार होता.

वडील लाला ईश्वरदास यांचे घराणे पंजाबातून येऊन काशीत स्थिरावलेले होते. देवकीनंदनांचे आरंभीचे शिक्षण उर्दू-फारसीत झाले. संस्कृत व हिंदीचा अभ्यास त्यांनी पुढे काशीत केला. तरुणपणी गयेजवळील टेकारी संस्थानात त्यांचा व्यापार होता. तेथील राजघराण्याशी काशीनरेशांचे नाते असल्याने त्यांचा काशीच्या दरबारात प्रवेश झाला आणि चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांना मिळाला. या निमित्ताने घनदाट अरण्ये, डोंगरातील गुहा, पडके किल्ले आणि ओसाड वाडे यांचा त्यांना निकट परिचय घडला. ठेका सुटल्यावर हा परिचय लेखणीच्या कामी आला. ‘चंद्रकांते’तील नौगढ, विजयगढ व चुनार ही कल्पित नगरे नव्हेत, ती लेखकाच्या पायाखालची भूमी आहे.

‘चंद्रकांते’च्या यशानंतर 1894 पासून ‘चंद्रकांता संतति’ निघू लागली आणि सुमारे दहा वर्षांत तिचे चोवीस भाग झाले. 1898 मध्ये त्यांनी काशीत ‘लहरी प्रेस’ स्थापन केला. लेखक, मुद्रक व प्रकाशक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या. प्रत्येक भागाच्या अखेरीस वाचकाला अडवून धरणाऱ्या रचनेमागे ही व्यावसायिक निकडही होती. या कादंबऱ्या वाचता याव्यात म्हणून अनेक उर्दू वाचक नागरी लिपी शिकले, ही गोष्ट हिंदी साहित्येतिहासात सर्वमान्य झाली आहे.

तिलिस्म आणि ऐयार ही सामग्री देवकीनंदनांनी दास्तानांच्या परंपरेतून घेतली. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने ‘तिलिस्मे होशरुबा’चे खंड 1883 पासून छापण्यास आरंभ केला होता. तेथील तिलिस्म जादूगारांच्या सामर्थ्यावर उभे राहते. देवकीनंदनांच्या तिलिस्मात जादूला जागा नाही. तेथे कळा, चाके, गुप्त दरवाजे, बेशुद्ध करणारी औषधे आणि पूर्वजांनी लिहून ठेवलेली किल्लीवजा पोथी आहे. अशी रचना संभवनीय की असंभवनीय, यावर वृत्तपत्रांत वाद झाला व ‘संतती’च्या अखेरच्या भागात लेखकाने त्याची दखलही घेतली.

जादू वगळण्याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला गेलेला नाही. राक्षस वा मांत्रिक नसल्यामुळे भयाचे उत्तरदायित्व माणसावर येऊन पडते. ‘संतती’त मायाराणी आपल्या पतीला, जमानियाच्या राजा गोपालसिंहाला, मृत ठरवून वर्षानुवर्षे कैदेत ठेवते. तिलिस्म ही येथे खजिन्याची जागा न राहता जिवंत माणसे गाडण्याची जागा होते. ते फोडण्यास राजकुमार समर्थ आहेत. ज्या लोभातून हा अंधार निर्माण झाला तो फोडण्यास कोणतीही पोथी उपयोगी पडत नाही.

या जाणिवेचे पूर्ण रूप म्हणजे भूतनाथ. मूळ नाव गदाधरसिंह असलेला हा ऐयार कुशल आहे, शूर आहे आणि अपराधी आहे. जुने कागदपत्र उघडकीस येतील या धास्तीने तो पछाडलेला असतो. नाव बदलूनही भूतकाळ त्याची पाठ सोडत नाही. राजकुमारांचे विवाह होऊन राजवंशाची कथा सुखान्त झाली, तरी देवकीनंदनांना ती संपली असे वाटले नाही. 1907 पासून त्यांनी ‘भूतनाथ’ लिहावयास घेतली. मित्राच्या हत्येचा ठपका आणि त्यामागून येणारा सूड यांभोवती तिची गुंफण आहे. नायकांना बाजूस सारून मालिकेतील सर्वांत कलंकित माणसाला केंद्रस्थानी आणण्याचे हे धैर्य लोकप्रिय लेखकात विरळाच आढळते.

1 ऑगस्ट 1913 रोजी देवकीनंदनांचे निधन झाले, तेव्हा ‘भूतनाथ’चे सहाच भाग त्यांच्या हातून झाले होते. उरलेले भाग पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून एकूण एकवीस भागांत कथा पूर्ण केली. कथानकाची गाठ त्यामुळे सुटली; परंतु आपल्या या अपराधी पात्राला जन्मदात्या लेखकाने अखेर क्षमा केली असती की शिक्षा, हा प्रश्न त्याच्याबरोबरच गेला.

आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी हिंदी वाचकवर्ग घडविण्याचे श्रेय देवकीनंदनांना मुक्तपणे दिले. मात्र या कादंबऱ्यांत घटनावैचित्र्य आहे, भाव व स्वभावचित्रण नाही, म्हणून त्यांना साहित्यकोटीत स्थान नाकारले. ‘चंद्रकांते’पुरता हा निर्णय ग्राह्य वाटतो. भूतनाथाच्या संदर्भात त्याचा पुनर्विचार करणे अगत्याचे आहे. मराठीत अद्भुतरम्य कादंबरीचा विचार बहुधा वास्तववादापूर्वीची एक पायरी म्हणून केला जातो. देवकीनंदनांचे जीवितकार्य असे दर्शविते की, अद्भुताची वाट सरळ पुढे चालत गेल्यासही लेखक माणसाच्या सदसद्विवेकाच्या दाराशी येऊन पोहोचू शकतो.